सर्व्हरचा उंबरा

६ ऑक्टोबर, सोमवार

आधी या डायरीची माफी मागतो. जानेवारीत पशुखाद्य कंपनीच्या माणसाने ती दिली, तेव्हा मी त्याच्यासमोर "रोज लिहीन" म्हणालो होतो. आज कोजागिरी उजाडली तेव्हा पेन हातात घेतोय. मधली बरीच पानं इंदूने भज्यांचं तेल टिपायला फाडली, ते बरंच झालं. तेवढी कोरी पानं बघून जास्त लाज वाटली असती.

लिहायला बसलो ते बीपीच्या डॉक्टरमुळे. ते म्हणाले, "नाना, तुमची काळजी बोलून दाखवू नका, घरचे आजारी पडतील. लिहून काढा."

पहिल्या पानावर नाव, रक्तगट आणि गाडीचा नंबर विचारलाय. नाव सहादेव घुले. रक्तगट इंदूला माहीत असेल. गाडी नाही. शिक्षण विचारलेलं नाही, ही कंपनीची कृपा. सातवीत गटांगळी खाल्ली. आठवीच्या वर्गात एकदाच गेलो, तेही गुरुजींचा डबा द्यायला.

सगळा जन्म हिवरवाडी दूध संघात कॅन धुण्यात गेला. निवृत्त झाल्यावर घरी बसून इंदूचं डोकं खात होतो, म्हणून संघातच कॉम्प्युटर बघणारा भाचा सुहास याने शब्द टाकला आणि मला संघातल्या सर्व्हरच्या खोलीची राखण मिळाली. सकाळी कुलूप उघडायचं, संध्याकाळी दिवाबत्ती करून लावायचं. सर्व्हर म्हणजे संघाचा मोठा कॉम्प्युटर. फ्रिजच्या निम्मा. त्याला गार हवा लागते म्हणून त्या खोलीत एसी आहे. संचालक मंडळाच्या खोलीत पंखा आहे, तोही कुरकुरतो. त्यामुळे संघात देवाच्या खालोखाल मान सर्व्हरचा, आणि चेअरमनचा नंबर त्याच्यानंतर.

काळजी अशी आहे. दसरा झाल्यापासून सर्व्हर हळू चालतोय. खंडेनवमीला आम्ही संघातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. वजनकाटा, फॅट काढायचं मशीन, टेम्पो, कॅन धुवायचा ब्रश. मग सर्व्हरला कसं सोडायचं? हत्याराला त्या दिवशी विसावा द्यायचा असतो, म्हणून मागची वायर मी स्वतः काढून ठेवली. वायर जिथून आत जाते तो त्याचा उंबरा. घराच्या उंबऱ्याला लावतो तसं बोट ओलं करून हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दसऱ्याला सकाळी वायर परत लावली. चांगला टक् आवाज आला.

एवढं यथासांग केलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून हे. कुणाची तरी नजर लागली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज सकाळी रांग फाटकाबाहेर गेली होती. दूध घालायचं, फॅट लागायची, आकडा सर्व्हरकडे जायचा आणि स्लिप बाहेर यायची, हे सगळं पूर्वी शिंक येऊन जावी तसं व्हायचं. आता स्लिप यायला इतका वेळ लागतो की माणसं मध्ये चहा पिऊन येतात.

रतनबाई किटली टेकवून म्हणाली, "काय वो नाना, तुमचा कॉम्प्युटर गाभण हाय का? लई जड झालाय."

मी म्हणालो, "येईल स्लिप, दम धर."

"मी धरीन वो. दूध धरतंय व्हय? हितंच दही झालं तर दह्याचा भाव द्याल का?"

सगळी रांग हसली.  घरी आल्यावर तीन उत्तरं सुचली.

सुहासला विचारलं. तो संगमनेरला शिकलाय, पण समजावून सांगतो तेव्हा तोंड वाकडं करत नाही. म्हणाला, "मामा, सर्व्हरच्या पाठीला नेटवर्क कार्ड असतंय. बाहेरची सगळी माहिती त्या दारातून आत जाते. वायरीत आठ तारा असतात. आठी नीट टेकल्या तर ते हजारच्या वेगानं पळतंय. एखादी जरी सुटली तर चारांवर येतंय, मग शंभरनं रांगतंय. आपलं रांगतंय. आणि मधीच तुटतंय, परत जोडतंय. पाठवलेलं निम्मं हरवतंय."

"मग सगळंच बदलून टाक."

"तसं न्हाई करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तरच चूक कुठं हाय ते कळतं."

दुपारी चेअरमन काकासाहेब आले. एसीत उभं राहून घाम पुसत म्हणाले, "सुहास, पुण्याची कंपनी कवाची मागं लागलीय. सगळं काम त्यांना देऊन टाकीन. मग तू काय करशील?"

मला काळजी एकाच गोष्टीची. येत्या रविवारी सुहासला बघायला श्रीरामपूरचे पाहुणे येणार आहेत. हल्ली नोकरी नसलेल्या पोराला पोरगी सोडा, पाहुणे पाणीसुद्धा मागत नाहीत. या पोराची आई कडूबाई, माझी धाकटी बहीण. मेहुणे गेले त्या दिवशी "पोराचं मी बघतो" असं मीच म्हणालो होतो.

संध्याकाळी दिवाबत्ती करताना सर्व्हरपुढे नवस बोललो. सुपारी फुटेपर्यंत रोज उंबरापूजन. नवस कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की फळ उडून जातं, म्हणून इथे फक्त लिहितोय. डायरी काही माणूस नव्हे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

फळ मिळालं! सुहासने काल वायरीचं दुसरं टोक जिथे लागतं त्या स्विचच्या डबीत दुसऱ्या भोकात वायर लावून बघितली, काही फरक नाही. आज सगळी वायरच नवी घातली आणि सर्व्हर पळायला लागला. स्लिपा अशा सुटल्या की रतनबाई म्हणाली, "आगं बया, बाळंत झालं वाटतं."

सुहास दिवसभर शीळ घालत होता. नवसाचं मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळी कुंकू जरा जास्तच लावलं. नवी वायर होती, तिच्या टोकालाही लावलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा रांगतंय.

इंदू विचारत होती, कुंकवाची डबी एवढी कशी उतरली. मी म्हणालो, "उंदीर खात असतील." ती म्हणाली, "या घरात असं काही खाणारा एकच उंदीर हाय, आणि तो बीपीच्या गोळ्या बी खातो."

१२ ऑक्टोबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. कडूबाईच्या ओसरीवर नवी चटई, पोहे, आणि मध्ये मी. पोरीचं नाव धनश्री. श्रीरामपूरला दवाखान्यात नर्स आहे. तिच्या काकाने पहिलाच प्रश्न विचारला, "नोकरी कायमची का?"

मी "व्हय" म्हणालो. माझा आवाज असा निघाला की काकाने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

धनश्री मात्र धीट. सरळ सुहासला म्हणाली, "तुमचं मशीन आजारी आहे म्हणे. ताप सकाळी असतो की संध्याकाळी?"

सुहास चाचरला. "सकाळी असतो. दिवसभर काही तरी करून उतरवतो. दुसऱ्या सकाळी परत."

"मग रात्री त्याला कोण काय खाऊ घालतं ते बघा. आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक हेच करतात. आम्ही सलाईन लावायचं आणि त्यांनी उशाखालून लाडू काढायचा."

सगळे हसले. सुहास हसला नाही, तिच्याकडे बघत राहिला. पोरगी त्याला आवडली हे आंधळ्यालाही दिसलं असतं. हुशार आहे, पण मशीन काय खाणार? त्याला मी आजवर प्रसादसुद्धा दिलेला नाही, मुंग्या होतात म्हणून.

जाताना काका म्हणाले, दिवाळीनंतर सुपारी फोडू, तोवर नोकरीचं नक्की कळवा. म्हणजे गाठ सर्व्हरशीच आली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चेअरमनने पुण्याच्या कंपनीचा माणूस बोलावलाच. नाव राजस. वय सुहासएवढंच, पण पाठीवरची पिशवी टेम्पोएवढी. आल्या आल्या मला म्हणाला, "आजोबा, जरा बाहेर बसता का?" राखणदाराला बाहेर बसवतो! मी दाराच्या काचेतून राखण केली.

त्याने आधी कार्डाचं सॉफ्टवेअर बदललं. काही नाही. मग म्हणाला, कार्डाला हजारवर जबरदस्तीने बसवतो. बसवलं, आणि ते जे रांगत होतं तेही थांबलं. सगळ्या संघात सामसूम. सुहास हळूच म्हणाला, "चालता येत न्हाई त्याला पळ म्हणलं की पडतंयच." मला फार बरं वाटलं. पण पुन्हा रांगतं केलं तेही राजसनेच, हे नाकारत नाही.

मग मला बोलावून विचारलं, "मशीनला कोणी हात लावतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. मशीनला मी कधी हात लावत नाही. उंबऱ्याचं त्याने विचारलं नव्हतं, आणि नवस सांगायचा नसतो.

तो चेअरमनना म्हणाला, "कार्ड बदलतो. तरी झालं नाही, तर इथल्या माणसांची चूक आहे. रिपोर्टमध्ये नाव टाकीन."

काकासाहेब म्हणाले, "टाका. ज्याचं नाव निघंल तो घरी जाईल." हे म्हणताना सुहासकडे बघत होते. मी बाहेर आलो. गोळी घेतली. ती सकाळचीच दुसऱ्यांदा घेतली की काय, ही आणखी एक काळजी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नवं कार्ड आलं, लागलं, आणि सर्व्हर उधळला. या कार्डाला दोन उंबरे आहेत, शेजारी शेजारी. वायर एकातच आहे.

नवी वस्तू पूजेशिवाय कुणी वापरतं का? नवी मोटारसायकल आणली तरी चाकाखाली लिंबू ठेवतात. मी राजसला एवढंच म्हणालो, "साहेब, नारळ?" तो म्हणाला, "नको, मी जेवून आलोय."

असल्या माणसाच्या हातचं कार्ड टिकणार कसं? संध्याकाळी सगळे गेल्यावर नारळ दाराबाहेर फोडला. खोलीत पाणी सांडू नये एवढं मला कळतं. फक्त दोन थेंब बोटावर घेऊन उंबऱ्याला लावले, त्यावर हळदकुंकू, त्यावर अक्षता. बोट आत जाईना, म्हणून काडीने लावलं. सुहासचं नाव घेतलं. धनश्रीचंही घेतलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. शंभरही नाही, दहा! सुहास म्हणाला, "मामा, दहा."  त्याचे डोळे लाल होते.

संघाच्या दारात चेअरमनची खिल्लारी गाय आणि वासरू पूजेला आणलं होतं. बायका ओवाळत होत्या आणि मागे स्लिपेची रांग देवळापर्यंत गेली होती. रतनबाई आरतीचं ताट हातात घेऊन म्हणाली, "गाईला कशाला ओवाळता? त्या डब्याला ओवाळा, त्यालाच गरज हाय." मनात म्हणालो, बाई, मी दुसरं काय करतोय?

काकासाहेब गाईच्या देखत सुहासला म्हणाले, "लक्ष्मीपूजनाच्या सकाळपर्यंत मुदत. राजससाहेब बी येतील. न्हाई जमलं तर किल्ली त्यांच्या हातात." गाईने शेपूट उडवून त्यांच्या पांढऱ्या पँटीवर जे काय करायचं ते केलं. एरवी मला हसू आलं असतं.

घरी येताना चक्कर आली.

२० ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस अंथरुणात होतो, म्हणून पानं कोरी. इंदूने मला उठू दिलं नाही. खोलीची किल्ली तिने उशाखाली घातली आणि कुंकवाची डबी कमरेला खोचली, जणू मी तीच घेऊन पळणार होतो.

आज अभ्यंगस्नान झाल्यावर सुहास फराळाला आला. म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी इंदूकडून किल्ली नेऊन त्याने वायर काढून शेजारच्या दुसऱ्या उंबऱ्यात घातली. (तो उंबरा म्हणत नाही, पोर्ट म्हणतो.) शनिवार, रविवार, आज सकाळी, सर्व्हर हजारने पळतोय. तोंड दाबूनसुद्धा माझा आनंद बाहेर आला. उशिरा का होईना, नवस पावला!

सुहास चकली खात मला फार निरखून बघत होता.

"मामा, तुमी दोन दिवस खोलीत गेला न्हाई ना?"

"कसा जाणार? तुझ्या मामीने पोलीस बसवलाय."

"आणि किल्ली?"

"हिच्या उशाखाली."

"बरं," म्हणाला. त्या "बरं" नंतर चकली तोंडात घालायची विसरला. कामाचा ताण, दुसरं काय.

संध्याकाळी इंदू पणत्या लावत होती तेव्हा तिच्या उशाखालची किल्ली काढली आणि पाय मोकळे करतो सांगून संघात गेलो. दोन दिवसांचा नवस राहिला होता. आता दोन उंबरे आहेत, एकाला लावून दुसऱ्याला न लावणं बरं दिसत नाही. दोन्हींना लावलं. इंदूची डबी तिच्या कमरेला होती, म्हणून संघाच्या हॉलमधल्या गणपतीपुढचं कुंकू घेतलं. ते जरा भरड आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन घरात व्हायचंय, पण आधी हे लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी सर्व्हर ठार थांबलेला. चेअरमन हजर, राजस हजर, मी दारात. राजसने पिशवीतून कागद काढला आणि म्हणाला, "नाव कोणाचं टाकू?"

सुहास मोबाईलचा उजेड पाडून कार्डाच्या मागे वाकला. वायर काढली. खिशातून टाचणी काढली आणि दोन्ही उंबरे हलक्या हाताने कोरले. आत काही तरी होतं. त्याने ते तळहातावर घेतलं. मी जिथे उभा होतो तिथून तांदळाएवढं दिसलं. बोटालाही लाल लागलं होतं. मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. रागावल्यासारखं नव्हतं. लहानपणी बैलाने त्याची टोपी खाल्ली होती, तेव्हा त्याने बैलाकडे असंच बघितलं होतं.

"काय सापडलं?" राजसने विचारलं.

सुहासने मूठ मिटली. "गंज."

"चार दिवसांच्या कार्डाला गंज?"

"दूध संघ हाय साहेब. वाफ, आंबट हवा, रोज फरशीला पाणी. तुमच्या पुण्यात न्हाई व्हायचं."

"दाखवा."

सुहासने मूठ पँटीला पुसली. "पुसला की."

राजस म्हणाला, "मग साफसफाई कोणाची जबाबदारी? इथे रोज कोण असतं?" आणि माझ्याकडे बघितलं.

"माझी," सुहास म्हणाला. "सगळी माझी. माझंच नाव टाका."

त्याने पांढऱ्या फडक्याला कसलं तरी औषध लावून दोन्ही उंबरे पुसले, वायर घातली. टक्. सर्व्हर असा सुटला की हॉलमधली स्लिप इथपर्यंत वाजली.

मला वाटलं, आता तरी काकासाहेब शाबास म्हणतील. ते म्हणाले, "सणाचा दिस हाय, म्हणून घरी घालवत न्हाई. मिरजगावला दूध गार करायचं नवं केंद्र निघतंय. तिथलं मशीन बसवायला जा. आणि तिथंच ऱ्हा. हितलं राजससाहेब बघतील."

मिरजगाव! जिल्ह्याचं दुसरं टोक. मी म्हणायला गेलो की पोराचा काय गुन्हा, हवेने गंज चढला त्याला तो काय करणार? सुहासने माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

"मामा, किल्ली द्या."

"का रे?"

"आता ती राजसकडं ऱ्हाणार. तुमचं काम आजपासून हॉलमधल्या गणपतीपुढं. दिवा, उदबत्ती, कुंकू, काय करायचं ते सगळं त्याला करा. सर्व्हरला निसते हात जोडायचे, ते बी काचेतून."

"मी काही चुकलो का?"

त्याने माझ्या हातातली किल्ली घेतली. "न्हाई मामा. तुमी माझ्यासाठी कवा काय कमी केलं न्हाई."

हे कौतुकच होतं, तरी घरी येऊन इंदूला सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. कडूबाईने ओवाळलं, पण डोळ्यांत पाणी. "दादा, माझ्या पोराच्या वाइटावर कोन हाय, बघ की." मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं, त्याला शोधून काढीन आणि संघाच्या फाटकाला टांगीन. सुहासला तेवढ्यात ठसका लागला. करंजी कोरडी होती.

मग धनश्रीचा फोन आला. सुहासने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तिने आधी भाऊबीजेचं विचारलं, मग काय झालं कुणास ठाऊक, हसायला लागली. थांबायची, "सॉरी मामा" म्हणायची, आणि पुन्हा.

मी सरळ विचारलं, "पोरी, त्याची बदली झाली, घरच्यांचं काय म्हणणं?"

"काका कुरकुरतात. मी सांगितलं, मिरजगाव तर मिरजगाव. नर्सला कुठेही काम आहे."

"आणि नोकरीतलं हे लफडं?"

"तो काय करून आलाय ते मला त्याने सांगितलंय. त्यासाठीच मी हो म्हटलं."

 काय करून आलाय? मला का नाही सांगितलं? मी घाईने म्हणालो, "पोराला तंबाखूसुद्धा नाही हो!"

ती पुन्हा हसली. मग म्हणाली, "मामा, लग्नात तुम्ही पुढे उभं राहायचं. फक्त एक करा. अक्षता लांबून टाका."

सुहास फोन घेऊन अंगणात पळाला. आपल्याकडे अक्षता लांबूनच टाकतात. श्रीरामपूरकडे काय वेगळी रीत आहे की काय, कुणाला तरी विचारायला हवं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुहास गेला. एसटीवर मी, इंदू आणि कडूबाई. मी त्याच्या हातात पुडी दिली. हळद, कुंकू, अक्षता, तीन वेगळ्या कागदांत, म्हणजे मिसळायला नकोत. सांगितलं, "तिथलं मशीन नवं आहे. पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने उंबऱ्याला लाव. मी नसलो तरी रीत चुकवू नकोस."

त्याने पुडी घेतली, खिशात घातली आणि मला मिठी मारली. खांदे हलत होते. रडतोय वाटलं, म्हणून मीही रडलो. वर बघितलं तर निम्मं हसू होतं.

इंदू वाटेत म्हणाली, "तुमचा भाचा लई मोठ्या मनाचा हाय."

"ते मला माहीतच आहे."

"तुमाला?" म्हणाली, आणि घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. एवढी गप्प ती लग्नातही नव्हती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवसांत सुहासचा फोन नाही. मी लावतो तर बाई सांगते की तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. बाईचा आवाज फार थंड आहे, कुणाचं वाईट झालं तरी याच आवाजात सांगेल.

इथला सर्व्हर पळतोय. रोज पळतोय. राजस तर परत फिरकलासुद्धा नाही. मी काचेतून हात जोडतो. हॉलमधल्या गणपतीला मात्र इतकं कुंकू झालंय की रतनबाई म्हणाली, "नाना, देवाला जरा दम घेऊ द्या. तोंड दिसंना त्याचं."

आज दुपारपासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. सुहास म्हणायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तरच चूक कुठे आहे ते कळतं. वायर बदलली, कार्ड बदललं, तरी दुसऱ्या सकाळी घोळ. मी आजारी पडलो, चाललं. उठून गेलो, थांबलं. आता किल्ली माझ्याकडे नाही, आणि...

देवाला चालतं, दाराला चालतं, बैलाच्या शिंगाला चालतं. मशीनला चालत नाही असं कसं होईल? आणि तसं असतं तर सुहासने सांगितलं नसतं का? तो मला सगळं समजावून सांगतो. त्याने गंज म्हटलं. गंज लालच असतो.

इंदूला विचारावं म्हटलं. तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "गिळा ती गोळी आणि झोपा. जे झालं ते पोरानं पोटात घातलंय." काय झालं, हे विचारायचा धीर झाला नाही.

सुहास, ही डायरी तू वाचणार नाहीस. पण उद्या इंदूच्या मोबाईलवरून हेच बोलून पाठवीन, म्हणून आधी लिहून बघतोय. मिरजगावचं मशीन बसलं का? पुडी उघडलीस का? लावलं असशील आणि ते नीट चालत असेल, तर मला तेवढं कळव, मग मी शांत झोपेन. लावलं नसशील आणि तरी नीट चालत असेल, तर तेही कळव.

नको. पुडी तूर्त उघडू नकोस. राहू दे खिशातच. एका वेळी एकच गोष्ट. आधी जेवतोस का, कुठे झोपतोस, मामावर रागावला नाहीस ना, एवढंच कळव. रेंज नसेल तर रस्त्यावर येऊन कळव, पण लवकर कळव रे बाबा.